ठाण्याच्या कोठडीला शेरेबुक हवें

आमच्या शाळेंत जाड पुठ्ठ्याचें एक शेरेबुक आहे. केंद्रप्रमुख आले, विस्तार अधिकारी आले, पोषण आहार पाहावयास पंचायत समितीकडून कोणी आलें, कीं त्यांत शेरा पडतो. येणारा मनुष्य आगाऊ वर्दी देऊन येतोच असें नाहीं. तो तांदळाचीं पोतीं मोजतो, खिचडी चाखतो, मुलांना उभें करून पाढे विचारतो, मुलींच्या संडासाला आंतून कडी आहे कीं नाहीं हें पाहतो आणि आमच्या देखत आमच्याविरुद्ध लिहून जातो. वीस वर्षांच्या नोकरींत असे कित्येक शेरे आमच्या अंगाला लागले. कांहीं खरे होते, कांहींत निव्वळ ऐट होती. पण त्या वहीमुळें एक गोष्ट झाली. चार भिंतींआड आम्ही काय करतों तें बाहेरचें कोणीतरी केव्हांही येऊन पाहील, ही जाणीव आमच्या मानेवर कायमची बसली. दुसरीच्या पोराला घासभर खिचडी कमी मिळूं नये म्हणून सरकारनें एवढा बंदोबस्त केला, हें योग्यच केलें. मग आमचा प्रश्न असा कीं, ज्या खोलीला बाहेरून कुलूप असतें, जींतल्या माणसाला स्वतःच्या पायांनीं बाहेर पडतां येत नाहीं, आणि जिची किल्ली ज्याच्या कमरेला त्याच्याच हातांत काठी असते, त्या खोलीचें शेरेबुक कोठें आहे?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकांतून सुचला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलाच्या बापास, विहिरीवरील मोटार चोरल्याच्या संशयावरून, रात्रीं उचलून नेलें. ठाणें कोठलें, तालुका कोठला, हें आम्ही लिहिणार नाहीं. त्या घराला अजून त्याच रस्त्यानें बाजाराला जावें लागतें. जात मात्र सांगतों, पारधी. मुलगा सकाळीं आमच्या दारांत येऊन नुसता उभा राहिला. आम्ही पोलीस पाटलांना बरोबर घेऊन ठाण्यावर गेलों आणि बाहेरच्या बांकावर चार तास बसलों. अंमलदार सभ्यपणें बोलले, चहाही पाजला. ‘गुरुजी, चौकशी चालू आहे, देऊं सोडून,’ असें म्हणाले. अटकेची नोंद झाली आहे काय, असें विचारावयाचें आमच्या ओठांवर आलें आणि तेथेंच राहिलें. आंतून कांहीं ऐकूं आलें कीं नाहीं, हें आम्हांला आज शपथेवर सांगतां येणार नाहीं. रस्त्यानें उसाचे ट्रॅक्टर गाणीं लावून चालले होते, आणि खरें सांगावयाचें तर आम्ही कान देऊन ऐकलेंही नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो मनुष्य सुटून आला. त्याला उकिडवें बसतां येत नव्हतें. विचारलें तर म्हणाला, ‘न्हाणींत पाय घसरला, गुरुजी.’ त्याच्या घराला न्हाणीच नाहीं. मोटार शेवटपर्यंत सांपडली नाहीं. मुलगा दिवाळीनंतर शाळेंत आला नाहीं.

वाचक म्हणतील, पोलिसांना नांवें ठेवण्याचा मास्तरांना अधिकार काय? तुमच्या हातांत छडी नव्हती काय? होती. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला आणि त्याच्या १७ व्या कलमानें मुलांना मारणें बंद झालें. आमची नोकरी त्याच्या आधींची आहे. एकदां वर्गांत एका मुलीची कंपासपेटी हरवली. ज्याच्यावर संशय आला त्या पोराला आम्ही चार छड्या दिल्या. दुसऱ्या छडीपर्यंत ‘मीं नाहीं घेतली,’ तिसरीला नुसतें रडणें, चौथीला ‘घेतली, गुरुजी.’ कोठें ठेवलीस? तर म्हणाला, ओढ्यांत टाकली. अर्धा वर्ग ओढा धुंडाळून आला. दोन दिवसांनीं पेटी त्या मुलीच्याच घरीं उतरंडीमागें सांपडली. मग त्या पोरानें ओढा कोठून काढला? आमच्या छडीनें काढला. मार खाणारा खरें सांगत नाहीं, मार कशानें थांबेल तें सांगतो. तो पोरगा आज चांगला नोकरीला आहे, भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि दर वेळीं आमची मान खालीं जाते.

जें आम्हांला कंपासपेटीनें शिकविलें तें सरकारला फार पूर्वींच कळलें होतें. १८५५ सालीं मद्रास इलाख्यांत सरकारनेंच नेमलेल्या समितीनें, सारा वसूल करण्यासाठीं व गुन्हे कबूल करवून घेण्यासाठीं रयतेचा छळ होतो, असें लिहून ठेवलें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत, पोलिसापुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाहीं, असें ठरलें. राज्यकर्ता परका होता, पण आपल्याच शिपायानें आणलेला जबाब त्यालाही खरा मानवेना! २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमांत तोच नियम कायम आहे. मात्र त्या भिंतीला एक खिडकी तेव्हांही होती, आजही आहे. आरोपीच्या सांगण्यावरून मुद्देमाल सांपडला, तर त्याच्या सांगण्यापैकीं तेवढा भाग पुराव्यांत घेतां येतो. मुद्देमाल काढून दाखविण्याची घाई कोठून जन्मते, हें या खिडकींतून पाहिलें म्हणजे कळतें. वरून तपास लौकर लावा म्हणून तगादा, गांवांतून चोर धरा म्हणून ओरड, हाताखालीं माणसें अपुरीं, शास्त्रीय तपासाचीं साधनें दूर. अशा वेळीं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पट्टा.

आतां परभणीकडे पाहूं. परभणी कांहीं परमुलुख नव्हे, आमच्याच मराठवाड्यांतलें गांव. १० डिसेंबर २०२४ रोजीं तेथें रेल्वे स्टेशनजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीं बंद पुकारला गेला, दगडफेक व जाळपोळ झाली, आणि पोलिसांनीं धरपकड केली. धरलेल्यांत सोमनाथ व्यंकट सूर्यवंशी हा ३५ वर्षांचा तरुण होता. वडार समाजांतला, कायद्याचा अभ्यास करणारा. दगड फोडणाऱ्या जातींतला मुलगा कायद्याचीं पुस्तकें उघडतो, ही गोष्ट आम्हां शाळामास्तरांना केवढी वाटते, तें शहरवाल्यांना सांगून कळावयाचें नाहीं. दोन दिवस पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला मरण. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झालें. अनेक जखमांमुळें बसलेला धक्का, असें मृत्यूचें कारण डॉक्टरांनीं लिहिलें. इकडे विधानसभेंत मुख्यमंत्र्यांनीं सांगितलें कीं, चित्रफितींत मारहाण दिसत नाहीं, त्याला श्वसनाचा आजार होता, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनीं विचारलें तेव्हां त्यानें कसलीही तक्रार केली नाहीं. पुढें न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी होऊन तिच्या अहवालांत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा कांहीं नोंदला जाईना. अखेर आई विजयाबाई उच्च न्यायालयांत गेल्या, प्रकाश आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. ४ जुलै २०२५ रोजीं औरंगाबाद खंडपीठानें एका आठवड्याच्या आंत गुन्हा नोंदवा असा हुकूम दिला. त्यावरही राज्य सरकार दिल्लीला धांवलें, आणि ३० जुलै रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सरकारचें म्हणणें फेटाळलें. दोषी कोण हें न्यायालय ठरवील. तें आमचें काम नव्हे. पण नुसता गुन्हा कागदावर यावा म्हणून एका आईला साडेसात महिने आणि दोन न्यायालयें लागलीं, एवढें तरी आम्हांला मोजतां येतें.

त्या सबंध प्रकरणांत एका वाक्यापाशीं आमचें मन अडून राहिलें आहे. ‘त्यानें तक्रार केली नाहीं.’ आम्ही तें वाक्य वाचलें आणि आम्हांला ती नसलेली न्हाणी आठवली. ज्यांनीं आणलें त्यांच्याच गाडींतून परत जावयाचें आहे, रात्र त्यांच्याच ताब्यांत काढावयाची आहे, आणि दोन हातांवर तेच उभे आहेत, अशा वेळीं ‘तुझी कांहीं तक्रार आहे काय?’ या प्रश्नाला काय उत्तर येईल? आमच्या वर्गांतसुद्धां, ‘गुरुजी मारतात का रे?’ असें साहेबांनीं आमच्या देखत विचारलें, तर सारा वर्ग एका सुरांत ‘नाहीं’ म्हणतो. शहाणा तपासणीस आम्हांला चहाला पाठवितो आणि मग विचारतो.

परभणी एकच आहे काय? नोव्हेंबर २०१७ मध्यें सांगलींत अनिकेत कोथळे हा तरुण पोलीस कोठडींत मेला. तो पळून गेला असें प्रथम सांगितलें गेलें. पण त्याचें प्रेत आंबोली घाटांत नेऊन जाळल्याचें उघडकीस आलें. त्याआधीं जानेवारी २००३ मध्यें परभणीचाच ख्वाजा युनूस हा अभियंता, घाटकोपर बाँबस्फोटाच्या संशयावरून धरलेला, औरंगाबादेकडे नेतांना पारनेरजवळ गाडीला अपघात होऊन पळाला, असें पोलिसांनीं सांगितलें. राज्य गुन्हे अन्वेषण विभागानें तपास केला तेव्हां तो कोठडींतच मेल्याचा निष्कर्ष निघाला. त्याचें प्रेत आजवर मिळालेलें नाहीं. एक मुसलमान अभियंता, एक वडार कायद्याचा विद्यार्थी, दोघेही परभणीचे मृत, आणि दोघांच्याही आया न्यायालयाच्या पायऱ्यांवर. केंद्र सरकारनेंच संसदेंत दिलेल्या माहितीप्रमाणें १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पांच वर्षांत देशांत पोलीस कोठडींत ६६९ मृत्यू झाले. त्यांत गुजरातचे ८० आणि त्याच्या खालोखाल महाराष्ट्राचे ७६. हे सारे मारहाणीनेंच मेले असें आम्ही म्हणत नाहीं. आजारानें मेले असतील, कोणीं गळफास घेतला असेल. पण हा हिशेब मेलेल्यांचा आहे. जे लंगडत घरीं येतात आणि न्हाणीचें नांव घेतात, त्यांची गणती कोणत्या तक्त्यांत होते?

कोठडींत कोण असतो, हेंही एकदां डोळे उघडून पाहावें. आमच्या शेजारच्या सोलापुरांत इंग्रजांच्या राज्यांत तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येक जातींच्या कपाळावर जन्मतःच चोर असा शिक्का मारला होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा गेला, शिक्का मात्र ठाण्याच्या डोक्यांतून पुसला गेला नाहीं. लक्ष्मण गायकवाडांनीं ‘उचल्या’ मध्यें आपल्या जमातीचें जें आयुष्य १९८७ सालीं जगापुढें मांडलें, तें लातूरजवळच्या धनेगांवचें. आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होतें. म्हणजे ती गोष्ट आमच्या घरची आहे. बागायतदाराच्या मुलानें दुसऱ्याची जमीन बळकावली तर तो दिवाणी दावा होतो, आणि पारध्याच्या पोरानें ज्वारीचीं चार कणसें मोडलीं तर फौजदारी होते. आणि गंमत पाहा, काठी धरणारा शिपाई तरी कोण? तोही कोरडवाहू कुणब्याचा, धनगराचा, महारामांगाचा, आमच्याच शाळेंतून पाढे म्हणून गेलेला मुलगा. बारा बारा तास बंदोबस्त, तुळजापुरास नवरात्र आलें कीं पायांवर उभा, रजेला मुकलेला, वरिष्ठांच्या शिव्या खाणारा. वरून हुकूम येतो, ‘काढ याच्याकडून.’ काढलें नाहीं तर नालायक, आणि काढतांना मनुष्य मेला तर निलंबित. हुकूम देणाराचें नांव कागदावर क्वचितच येतें. आमच्याच घरचें एक पोर गजांच्या आंत आणि दुसरें बाहेर, आणि दोघांच्याही जिवाला घोर! तिऱ्हाइताची नजर हवी ती या दोघांसाठींही हवी.

कायदे नाहींत असें कोणी समजूं नये. कायद्यांचा आपल्याकडे कधींच दुष्काळ नव्हता. १८ डिसेंबर १९९६ रोजीं डी. के. बसू खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अटक कशी करावी याचे नियम घालून दिले: अटकेचा कागद करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातलगाला कळवावें, वैद्यकीय तपासणी व्हावी, वकिलाला भेटूं द्यावें. आतां नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तें आहे. अटक केलेल्यांचीं नांवें ठाण्यावर व जिल्ह्याच्या मुख्यालयांत लावावीं, असेंही तिच्या ३७ व्या कलमांत आहे. वाचकांनीं जवळच्या ठाण्यावर जाऊन तो फलक एकदां पाहावा. त्या रात्रीं आम्ही चार तास बसलों तेव्हां आम्हांला या कलमांपैकीं एकही ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असतें तरी विचारण्याची छाती झाली असती कीं नाहीं, याची आम्हांला शंका आहे.

मग कॅमेरे आले. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील ठाण्यांत कॅमेरे बसवा असें सांगितलें. २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें साऱ्या देशाला तोच हुकूम दिला; कोठडी, व्हरांडा, आवार सर्व दिसलें पाहिजे, चित्रण अठरा महिने ठेवलें पाहिजे, देखरेखीला राज्यांत व जिल्ह्यांत समित्या हव्यात. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें त्याच न्यायालयाला, ठाण्यांतले कॅमेरे चालत कां नाहींत, म्हणून आपण होऊन पुन्हा प्रकरण हातीं घ्यावें लागलें. कॅमेरा वाईट नाहीं, तो हवाच. पण त्याचें बटण कोणाच्या हातीं आहे? वीज गेली, तार तुटली, डबी भरली, हीं कारणें आमच्या शाळेंतला संगणकही दर आठवड्याला देतो. शिवाय चालत्या गाडींत कॅमेरा नाहीं, माळावरच्या शेडमध्यें नाहीं, आणि ज्या खोलीवर ‘भांडार’ अशी पाटी आहे तिच्यांत नाहीं. कॅमेरा कैद्याजवळ बसून हळूच विचारीत नाहीं कीं, बाबा, तूं असा तिरपा कां बसतोस?

विचारणारें माणूस लागतें, आणि तें आपल्याच महाराष्ट्रांत एकदां विचारून गेलें आहे. मे १९८२ मध्यें शीला बर्से या पत्रकार बाई, तुरुंग खात्याची परवानगी घेऊन, मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांत गेल्या आणि पंधरा कैदी स्त्रियांशीं बोलल्या. त्यांपैकीं पांच जणींनीं सांगितलें कीं पोलीस कोठडींत आम्हांला मारलें. या बायका न्यायालयापुढें उभ्या राहिल्या नव्हत्या काय? राहिल्याच असतील. पण बोलल्या त्या केव्हां, तर एक तिऱ्हाईत बाई समोर येऊन बसली तेव्हां. बर्सेबाईंनीं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलें. न्यायालयानें पत्रालाच अर्ज मानलें, आणि तुरुंगांत जाऊन खरेंखोटें पाहावयास कोणाला पाठविलें, तर पोलिसांतल्या बड्या अंमलदाराला नव्हे, निर्मला निकेतन या समाजसेवेच्या महाविद्यालयाच्या संचालक बाईंना! १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालांत न्यायालयानें जें सांगितलें त्यांतलें एक वाक्य आमच्या शेरेबुकाचें भावंडच आहे: मुंबई शहरांतील पोलीस कोठड्यांना एका न्यायाधीशानें, शक्यतों स्त्री न्यायाधीशानें, मधून मधून, न कळवितां, भेट द्यावी, कोठडींतल्यांचीं गाऱ्हाणीं ऐकावीं, उणें दिसलें तर वरिष्ठांच्या नजरेस आणावें. पुरुषांच्या कोठडींत स्त्रियांना ठेवूं नये, कोठडींत मराठी, हिंदी व इंग्रजींत हक्कांची पाटी लावावी, हेंही त्यांतच आहे. न कळवितां, हे शब्द लक्षांत ठेवावे. तो हुकूम मुंबईचा होता. परांड्याच्या कोठडीला, लोहाऱ्याच्या कोठडीला ‘न कळवितां’ कोण जातो? २४ जुलै २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, तुरुंगांबरोबर ठाण्यांसाठींही बिनसरकारी भेट देणारे नेमण्याचा राज्यांनीं विचार करावा, असें म्हटलें. विचार करावा! सरकारला विचार करावयाला सांगितलें म्हणजे तो किती सावकाश चालतो, हें शिक्षकभरतीची वाट पाहणाऱ्या पोरांनीं सांगावें.

तुरुंगांची गोष्ट थोडी निराळी. १८९४ च्या तुरुंगाच्या कायद्यापासूनच तेथें सरकारी आणि बिनसरकारी भेट देणारांची सोय आहे. पण बिनसरकारी म्हणजे स्वतंत्र, असें नव्हे. नेमणूक सरकारच्या हातीं. तेव्हां पुढाऱ्याच्या पाठीमागें फिरणारा एखादा कार्यकर्ता त्या जागेवर बसला तर त्याला ती भेट सत्काराच्या हारासारखीच वाटावयाची. आंत दीर्घकाळ काय चालू होतें तें अखेर पुन्हा एका पत्रकार बाईनेंच बाहेर आणलें. सुकन्या शांता यांनीं तुरुंगांत जातीवरून कामें वांटलीं जातात, वरच्या जातींना स्वयंपाक आणि खालच्यांना संडास, हें लिहिलें आणि त्या न्यायालयांत गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असले नियम रद्द केले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि भेट देणारांचें मंडळ यांनीं मिळून नियमित तपासणी करावी, असेंही त्यांत सांगितलें. गांवांतला पाणवठा खुला करावयाला आमच्या वाडवडिलांनीं जिवाचें रान केलें, आणि सरकारच्या भिंतीआड सरकारच्याच नियमपुस्तकांत जात खुशाल नांदत होती! कोणी आंत पाहिलें नाहीं म्हणून नांदली.

ही कल्पना इतर देशांत जुनी झाली आहे. स्वित्झर्लंडमधले जाँ-जाक गोतिए नांवाचे एक गृहस्थ, धंद्यानें सावकारी पेढीवाले, त्यांनीं रेडक्रॉसचीं माणसें युद्धकैद्यांना भेटतात हें पाहून विचार केला कीं, हीच भेट शांततेच्या काळांत प्रत्येक कोठडीला कां देऊं नये? १९७७ मध्यें त्यांनीं त्यासाठीं संस्था काढली. १९८७ मध्यें युरोपांतील राष्ट्रांनीं तसा करार केला, आणि १८ डिसेंबर २००२ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं तो साऱ्या जगासाठीं मांडला. २२ जून २००६ पासून तो अंमलांत आहे. त्याचें सार असें कीं, प्रत्येक देशानें एक स्वतंत्र मंडळ नेमावें, त्यानें वाटेल त्या कोठडींत जावें, वाटेल त्या कैद्याशीं एकांतांत बोलावें, आणि कोणी मरण्याची वाट न पाहतां जावें. मालदीव व श्रीलंका हे आपले चिमुकले शेजारी त्यांत आहेत. आपण नाहीं. छळाविरुद्धच्या मूळ करारावर आपल्या देशानें १४ ऑक्टोबर १९९७ रोजीं सही केली, पण तिला मान्यता देऊन तो करार अंगीं लावून घेतलेला नाहीं. लग्नाची सुपारी फोडावी आणि तिथीच धरूं नये, तसा हा प्रकार. २०१० मध्यें एक विधेयक लोकसभेंत मंजूर झालें, राज्यसभेंत समितीकडे गेलें आणि २०१४ मध्यें लोकसभेबरोबर संपलें. २०१७ मध्यें विधी आयोगानें २७३ वा अहवाल देऊन पुन्हा मसुदा करून दिला. तो मसुदा कपाटांत आहे.

आमच्या पारावर हा विषय काढला कीं एक प्रश्न हटकून येतो: ‘गुरुजी, चोराला मारूं नये, तर काय ओवाळावें?’ प्रश्न विचारणाराची मोटार चोरीला गेलेली असते, म्हणून आम्ही त्याला हंसत नाहीं. पण त्याला आम्ही एवढेंच विचारतों कीं, तो चोर आहे हें कोणीं ठरविलें? आणि ज्याला तिसऱ्या दिवशीं सोडला त्याच्या मारानें तुमची मोटार आली काय? खरा चोर तोंवर पंढरपूर ओलांडून गेला. दुसरा प्रश्न पोलीस मित्रांचा: बाहेरची माणसें येऊन बसलीं तर आमचा धाक राहील काय? आम्हांलाही २०१० सालीं हेंच वाटलें होतें. छडी गेल्यावर सहा महिने वर्ग आमच्या हातीं राहिला नाहीं, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. मग शिकवावयाला लागलें. शिवाय भेट देणारा गजाच्या बाहेरचेंही पाहील. ठाण्याला संडास आहे काय, शिपाई किती तास जागा आहे, महिला शिपायाला कपडे बदलावयाला खोली आहे काय, हें शेरेबुकांत चढलें तर आज ज्यांना बोलतां येत नाहीं त्या शिपायांचेंही कल्याण होईल. आणि खोटी तक्रार झाली, तर ‘मीं त्या दिवशीं पाहिलें, जखम नव्हती’ असें सांगणारा साक्षीदारही त्यांना तोच मिळेल.

तेव्हां आमची मागणी मोठी नाहीं. दिल्लीनें करार मान्य करावा, विधेयक आणावें, तें पुढाऱ्यांनीं पाहावें. आमच्या धाराशिव जिल्ह्याचे तालुके आठ. प्रत्येक तालुक्याला पांचसात माणसांचें एक मंडळ असावें. त्यांत एक डॉक्टर, एक वकील, निदान दोन बायका, आणि ज्यांचीं माणसें वारंवार उचललीं जातात त्या पारधी, वडार, कैकाडी अशा जमातींतलें एक तरी माणूस असावें. नेमणूक पोलीस खात्यानें किंवा आमदारानें करूं नये, जिल्हा न्यायाधीशांनीं करावी. त्यांना रात्रींबेरात्रीं न कळवितां ठाण्यांत जातां यावें, ‘भांडार’ अशी पाटी असली तरी दार उघडून घेतां यावें, स्टेशन डायरी पाहतां यावी, कैद्याशीं पोलीस दूर ठेवून बोलतां यावें, आणि आठ दिवसांनीं त्याच माणसाला पुन्हा भेटतां यावें. कारण पहिल्या दिवशीं बोलला म्हणून दुसऱ्या रात्रीं मार बसला काय, हें पाहिल्याशिवाय पहिल्या भेटीला अर्थ नाहीं. शेरा लिहावा तो दोन प्रतींत, एक ठाण्यांत आणि एक न्यायालयांत, आणि वर्षाच्या अखेरीस छापून चावडीवर लावावा.

आम्ही पडलों नोकरदार. ग्रामसभेंत उठून ठराव मांडावयाला आम्हांला नियम आड येतो. पण येत्या सभेंत कोणी हा ठराव मांडणार असेल तर त्याचा मसुदा आम्ही आनंदानें लिहून देऊं. फळ्यावरचें शुद्धलेखन सुधारावें असा शेरा आम्हांला एकदां मिळाला होता. तेव्हांपासून आमचें अक्षर बरें आहे.

— एक खेडवळ शाळामास्तर